मस्टँग, फेरारी आणि आजोबांची पद्मिनी

रविवारी सकाळी जोतिबाच्या डोंगराला जाणाऱ्या रस्त्यावर जरा थांबून बघा. नव्या कोऱ्या एसयूव्ही, बोनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाची पाच बोटं, आत गुलालानं माखलेली माणसं. कोल्हापुरात गाडी घेतली की आधी अंबाबाई आणि मग जोतिबा, हे आमच्याकडं ठरलेलंच. गेल्या महिन्यात त्या रांगेत आमचीही एक गाडी होती. फक्त ती नवी नव्हती. 1986 ची प्रीमियर पद्मिनी. रंग एकेकाळी क्रीम होता म्हणतात. आता तो कोणता आहे यावर घरात एकमत नाही.

आमच्या मागं मामाची जुनी जीप. पद्मिनीत पुढं बाबा आणि आजोबा, मागं मी आणि माझा कॉलेजचा मित्र. मित्राच्या फोनच्या वॉलपेपरवर लाल मस्टँग आणि तोंडात फेरारी. 'क्लासिक कार घ्यायची तर अमेरिकन का इटालियन?' हा त्याचा आवडता विषय. बजेट विचारायचं नाही, एवढी एकच अट.

घाटाच्या निम्म्यात एका वळणावर पद्मिनीनं मान टाकली. बाबांनी गाडी कडेला घेतली. मागून मामा उतरून आला.

"इंजिन गरम झालंय व्हय?" मामानं विचारलं.

"इंजिन न्हाई रं, पेट्रोल गरम झालंय," आजोबा म्हणाले.

त्यांनी डिकीतून एक फडकं काढलं, पाण्यात बुडवलं आणि फ्युएल पंपावर ठेवलं. उन्हात आणि चढाला पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, मग कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. पंप गार झाला की गाडी सुरू. दहा मिनिटांत ती सुरू झालीसुद्धा. तेवढ्यात मित्राच्या डोक्यात काहीतरी पेटलं. "थांब थांब. जीप म्हणजे मूळची अमेरिकन. फियाट म्हणजे इटालियन. म्हणजे आपण आत्ता जोतिबाच्या घाटात फोर्ड व्हर्सेस फेरारी करतोय!"

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. कारण आम्ही डोंगराला का निघालो होतो ते त्यांना ठाऊक होतं. फेरनोंदणीची तारीख जवळ आली होती आणि भंगारवाल्यानं वजनावर सत्तावीस हजार सांगितले होते. जोतिबाला एकदा दाखवून आणायची आणि मग काय ते ठरवायचं, असं घरात बोलणं झालं होतं.

त्या दिवसापासून मित्राचा प्रश्न मी जरा गांभीर्यानं घेतला. क्लासिक गाडी म्हणजे काय? ती मोलाची कशानं होते? आणि ते मोल फक्त मस्टँग-फेरारीलाच असतं का?

दोन तालमी

कोल्हापूरकरांना हा फरक कुस्तीच्या भाषेत चटकन कळेल. जुनी अमेरिकन परफॉर्मन्स कार म्हणजे वजनदार पैलवान. अंगात ताकद एवढी की डाव फार लागत नाहीत. इटालियन म्हणजे अंगानं कमी, पण चपळ आणि डावपेचांचा.

17 एप्रिल 1964 ला फोर्डची मस्टँग विक्रीला आली. सुरुवातीची किंमत 2,368 डॉलर. पहिल्याच दिवशी सुमारे 22 हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि पहिल्या वर्षात चार लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. तरुणांना, पहिल्या नोकरीच्या पगारात परवडावी म्हणूनच ती काढली होती. तिच्यात मिळणारं 4.7 लिटरचं व्ही-8 इंजिन बांधणीला साधं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून दांड्यांनी वरचे व्हॉल्व्ह उघडायचे. फार वेगानं फिरवायची गरज नाही, कमी आरपीएमलाच दणका. बिघडलं तर गावातला गॅरेजवालाही उघडू शकेल असं.

आता फेरारी 250 जीटीओ घ्या. 1962 ते 1964 या काळात फक्त 36 गाड्या बनल्या. इंजिन तीनच लिटरचं, पण सिलिंडर बारा. नावातला 250 हा आकडा एका सिलिंडरचा, साधारण 250 सीसी. म्हणजे तुमच्या पार्किंगमधल्या 250 सीसी बाईकची बारा इंजिनं एका ओळीत नाही, तर दोन रांगांत बसवल्यासारखी. कॅमशाफ्ट वर, सहा जोड-कार्ब्युरेटर, सुमारे 300 हॉर्सपॉवर, तीही इंजिन सात हजार आरपीएमच्या वर पळवल्यावर. ते सहा कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवणं म्हणजे तानपुरे लावण्यासारखं. एक जरी बेसूर झाला तरी सगळी मैफल गेली.

या दोन तालमींची सगळ्यात गाजलेली कुस्ती आपण सिनेमात पाहिली आहे. 1963 मध्ये फोर्ड फेरारी कंपनी विकत घ्यायला निघाली, एन्झो फेरारीनं ऐनवेळी नकार दिला. मग 1966 च्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत फोर्डच्या सात लिटरच्या जीटी-40 गाड्यांनी पहिले तिन्ही नंबर घेतले. ताकदीनं डावपेचांना चीत केलं म्हणा हवं तर. पण गंमत पुढंच आहे. हरलेल्या घराण्याच्या गाड्या आज बाजारात जास्त महाग आहेत.

संग्राहक काय बघतो?

2018 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एका 250 जीटीओचा लिलाव झाला. किंमत 4 कोटी 84 लाख डॉलर. वेग तर आजच्या गाड्यांना जास्त आहे, मग पैसे कशाचे?

पहिलं कारण संख्या. 36 गाड्या आणि लाखो मस्टँग, हे गणित कॉमर्सच्या पहिल्या वर्षालाही कळतं. दुसरं कारण इतिहास. इटालियन गाडीच्या बाबतीत ती कोणत्या शर्यतीत धावली, कुणी चालवली, बॉडी कोणत्या कारागिरानं ठोकली, मधल्या काळात कुणाकुणाच्या दारात होती, याची अखंड साखळी लागते. अमेरिकन गाडीच्या बाबतीत संग्राहक आधी नंबर बघतो. कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं, तेच आज बोनेटखाली आहे का? मूळ रंग कोणता, कोणते ऑप्शन लावून घेतले होते? तेच शेपूट, तेच दिवे, पण नंबर जुळत नसतील तर किंमत कोसळते.

तिसरं कारण सांभाळण्याचं. मस्टँगचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग अमेरिकेत आजही नव्यानं बनवलेला मिळतो. त्यामुळं पहिल्यांदा क्लासिक घेणाऱ्याला जाणकार बहुतेक वेळा अमेरिकन गाडी सुचवतात. जुन्या इटालियन गाडीचा पत्रा गंजतो, वायरिंग रुसतं, आणि इंजिनचं एक काम गाडी विकायला लावतं. पण ज्याला ती लागली त्याला लागली. त्याला आमच्याकडं नाद म्हणतात.

म्हणजे मित्राच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं, की डोकं वापरायचं असेल तर अमेरिकन आणि काळीज ऐकायचं असेल तर इटालियन. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखीच. मोल गाडीच्या वेगाला नसतं. कुणीतरी ती मूळ रूपात, कागदपत्रांसकट, चालू अवस्थेत जपली, याला ते मोल असतं. फेरारीच्या काही गाड्यासुद्धा एकेकाळी फक्त जुन्या झालेल्या रेसकार होत्या. तेव्हा कुणी त्या भंगारात घातल्या असत्या तर आज लिलाव कशाचा झाला असता?

आपल्या दारातली अमेरिका, आपल्या दारातली इटली

आता जरा घरी या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. 1947 पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ अशी नावं वेगवेगळी, पण आतून बऱ्याचशा एकच. मोठं सहा सिलिंडरचं इंजिन, सोफ्यासारख्या सीटा. मग 1951 च्या सुमाराला त्याच कारखान्यात इटलीची फियाट आली. आधी छोटी 500, आणि 1954 पासून 1100. म्हणजे मित्र ज्या दोन देशांत अडकलाय, ते दोन्ही देश 70 वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या एकाच छपराखाली नांदत होते.

त्यात इटली टिकली. गाड्या नुसत्या जोडू नका, देशात बनवा, असं धोरण 1953 नंतर आलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तेव्हा इथला गाशा गुंडाळला. आपल्या रस्त्याला आणि खिशाला छोटं इंजिन सोसणारं होतं. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली आणि 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. 2000 च्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत तिचा चेहरा फारसा बदलला नाही. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, साधारण 40 हॉर्सपॉवर आणि बराच काळ स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा.

"40 हॉर्सपॉवरला परफॉर्मन्स म्हणतात का?" मित्रानं विचारलं. मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. एन्झो फेरारीनं अल्फा रोमिओ सोडल्यावर 1940 मध्ये जी पहिली गाडी बनवली, तिचं नाव 815. कराराप्रमाणं तिला स्वतःचं नावसुद्धा देता आलं नव्हतं. दीड लिटर, आठ सिलिंडर. आणि ते इंजिन कशातून बनलं? त्या काळच्या फियाट 1100 च्या भागांतून. चार-चार सिलिंडरची दोन हेड एका रांगेत लावून आठ केले होते. अशा दोन गाड्या बनल्या, त्या वर्षीच्या मिले मिलियात धावल्या आणि दोन्ही शर्यत पूर्ण न करता बंद पडल्या. म्हणजे पहिली फेरारी आणि आजोबांची पद्मिनी दूरच्या नात्यातल्या आहेत. रस्त्यात मान टाकायची सवयसुद्धा घराण्यातलीच म्हणायची!

जीपची गोष्टही तशीच. दुसऱ्या महायुद्धात विलिज जीपनं जग बघितलं. 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनं 1947 पासून मुंबईत या जीप जोडायला सुरुवात केली, पुढं त्या इथंच बनू लागल्या. अमेरिकेत ती सैन्याची गाडी होती. आपल्याकडं ती उसाच्या फडात गेली, तहसीलदाराच्या दारात उभी राहिली, निवडणुकीत कर्णे लावून फिरली आणि शेवटी वडाप झाली. आठ माणसांच्या जागेत अठरा माणसं घेऊन घाट चढणं हा परफॉर्मन्स नसेल तर मग कशाला म्हणायचं?

गाडीचा परफॉर्मन्स शून्य ते शंभर किती सेकंदांत, यावरच मोजायचा हे आपण रील बघून ठरवलंय. जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर आहे. भर उन्हात, पाच माणसं आणि नैवेद्याचे डबे घेऊन, 40 हॉर्सपॉवरवर तो चाळीस वर्षं चढणं हासुद्धा एक विक्रमच आहे. त्याचा लिलाव होत नाही एवढंच.

पन्नाशीपर्यंत जगवायची कुणी?

आता मुद्द्याचं. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेली, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं. चांगला नियम आहे. या गाड्या म्हणजे कचरा नव्हे, वारसा आहे, हे सरकारनं कागदावर मान्य केलं.

पण 50 वर्षांच्या आत काय? तिथं गाडी म्हणजे नुसती 'जुनी गाडी'. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. 2022 च्या एप्रिलपासून खासगी कारच्या फेरनोंदणीची फी 600 रुपयांवरून 5 हजारांवर गेली. 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांपुढच्या कारला ती 10 हजार झाली. वर पर्यावरण कर, फिटनेस आणि विमा वेगळाच.

आमच्या पद्मिनीचं गणित मांडते. जन्म 1986. पन्नाशी 2036 मध्ये. तोवर दोनदा फेरनोंदणी, आत्ता आणि 2031 ला. फक्त फीचे 20 हजार. म्हणजे भंगारवाला देतो त्यातले तीन चतुर्थांश पैसे फक्त तिला म्हातारी व्हायची परवानगी मिळावी म्हणून भरायचे. शिवाय बोनेटखालचा खर्च. दहा घरांपैकी किती घरं हे करतील? आणि कुणीच केलं नाही तर 2036 मध्ये 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायला पद्मिनी उरणार कुठून? नियमानं 50 वर्षांच्या गाडीला मान दिला, पण चाळिशीतल्या गाडीला तिथवर पोचायला वाटच ठेवली नाही.

यातून आधी मरतात त्या सामान्य माणसाच्या गाड्या. मर्सिडीज, रोल्स यांना संग्राहक मिळतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात आलेली 1930 च्या दशकातली मेबॅक राजघराण्यानं जपली, म्हणून आजही शाही दसऱ्याला ती दसरा चौकात येते आणि आपण सगळे टाचा उंचावून तिचे फोटो काढतो. राजाची गाडी वाचली. मास्तरांची, डॉक्टरांची, कारखान्याच्या अकाउंटंटची गाडी मात्र वाचत नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचं तेच झालं. शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवलेली. 20 वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टोरीला काळं-पिवळं हार्ट टाकलं. झालं.

दुसरी बाजूही ऐकू

काहीजण म्हणतील, अगं, या गाड्या धूर ओकतात, एअरबॅग नाही, नीट ब्रेक नाहीत, त्या रस्त्यावर हव्यातच कशाला? हा आक्षेप खरा आहे. आमच्या पद्मिनीच्या मागं बाईकवरून जायला मलाही आवडणार नाही. रोज ऑफिसला, रोज बाजाराला अशा गाड्या फिरवायला माझाही विरोध आहे. आणि नुसत्या हौसेपोटी सायलेन्सर काढून रंकाळ्यावर राउंड मारणाऱ्यांनी माझं नाव सांगून मोकळं होऊ नये.

पण वर्षातून तीन-चारशे किलोमीटर चालणारी गाडी आणि रोज पन्नास किलोमीटर चालणारी गाडी यांना एकच नियम कसा? जगात यावर तोडगा निघालेला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत वयाची अट 30 वर्षांची आहे, मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी आणि रोजच्या वापरात नको. जर्मनीत 1997 पासून 30 वर्षांवरच्या, नीट जपलेल्या गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते. ब्रिटनमध्ये 40 वर्षांनंतर रस्ताकर माफ होतो.

आपल्याकडंही 30 ते 50 वर्षांच्या मधली एक 'क्लासिक' पायरी हवी, असं मला वाटतं. अटी कडक ठेवा. मूळ इंजिन, मूळ बॉडी, दरवर्षी फिटनेस आणि धुराची तपासणी, वर्षाला किलोमीटरची मर्यादा. त्या बदल्यात फेरनोंदणीची फी परवडेल एवढी करा. मर्यादा मोडली तर सवलत काढून घ्या. यात सरकारचं फार काही जात नाही. आणि हो, एक बारीक विनंती. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला आज प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यायची मुभा आहे. म्हणजे 2036 नंतर आजोबांची गाडी जोतिबाला न्यायची तर रॅलीच काढावी लागेल. देवदर्शनाला वर्षातून एक दिवस तरी ठेवा.

मेस्त्री रिटायर होण्याआधी

सगळंच सरकारवर ढकलून चालणार नाही. गाडी कागदावर वाचली तरी हात नसतील तर ती उभीच राहणार.

आमच्या पद्मिनीचे मेस्त्री आता सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांच्याकडं लॅपटॉप नाही, स्कॅनर नाही. बोनेटवर हात ठेवून ते सांगतात कोणता सिलिंडर मार खातोय ते. पॉइंट किती उघडतो हे ते पोस्टकार्डाच्या जाडीनं बघायचे. "पोरगं शिकलं न्हाई का तुमचं?" मी विचारलं. "शिकलं की. त्याला शोरूमला लावलंय. तितं पार्ट बदलत्यात, दुरुस्त करत न्हाईत," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. पण मला ते वाक्य दोन दिवस सोडेना.

आणि आपण कुठल्या गावात राहतो? शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. देशभरातल्या गाड्यांसाठी कास्टिंग इथल्या फाउंड्रीत ओतलं जातं. जुना नमुना टेबलावर ठेवला की तसाच पार्ट लेथवर काढून देणारी माणसं या गावानं घडवली. अमेरिकेत मस्टँग जिवंत आहे ती तिचे पार्ट कुणीतरी पुन्हा बनवायला घेतले म्हणून. पद्मिनीचा एखादा पार्ट कोल्हापुरात बनू शकत नाही, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून इंजिनिअरिंगच्या मित्रांना एक सुचवते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दरवर्षी तीच ऑनलाइन मिळणारी मॉडेल्स करण्याऐवजी एका जुन्या गाडीचा एक न मिळणारा पार्ट घ्या. तो स्कॅन करा, ड्रॉइंग काढा, उद्यमनगरात पॅटर्न करून घ्या आणि बसवून दाखवा. आयटीआयच्या मुलांनी कार्ब्युरेटर खोलायला शिकावं. आणि आमच्यासारख्या मास कॉमच्या पोरांनी किमान या मेस्त्रींचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं.

ज्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काही उभं आहे, त्यांनी या सुट्टीत एवढं तरी करा. ताडपत्री काढा. आरसी बुक शोधा. इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदाशी जुळतो का बघा. जुनी बिलं, जुने फोटो एका फाइलीत घाला. रंग बदलू नका, अलॉय व्हील लावू नका, मूळ स्टिअरिंग काढून टाकू नका. फेरारीचा संग्राहक ज्याला इतिहासाची साखळी म्हणतो, ती हीच. गाडी ठेवायची का द्यायची, ते नंतर ठरवा. पण आपण काय देतोय ते कळून द्या.

पुन्हा डोंगरावर

त्या दिवशी आम्ही वर पोचलो. नारळ फोडला. पुजाऱ्यांनी बोनेटवर गुलाल टाकला, तशी आजोबांनी टोपी काढली. चांगभलंचा गजर चालू होता. पार्किंगमध्ये एका नव्या एसयूव्हीतला छोटा मुलगा उतरून पद्मिनीपाशी आला आणि वडिलांना म्हणाला, "पप्पा, ही कुठली नवीन गाडी आहे?"

परतीच्या वाटेवर मित्र एकदम गप्प होता. खाली केर्लीला उतरल्यावर म्हणाला, "अमेरिकन का इटालियन ते राहू दे. माझ्या काकांकडं एक राजदूत पडून आहे. बघू का जाऊन?"

आमच्या घरी अजून सगळं मिटलेलं नाही. आईचं म्हणणं, त्या जागेत दोन स्कूटर बसतील. तिचंही चूक नाही, रोज पार्किंगवरून शेजाऱ्यांशी तीच भांडते. पण फेरनोंदणीचे पैसे तिघांत वाटले आहेत. अर्धे मामाचे, बाकीच्यातले जास्त बाबांचे आणि थोडे माझ्या पहिल्या मानधनातले. 2031 चं 2031 ला बघू. भंगारवाल्याला आजोबांनी स्वतः फोन करून सांगितलं, "आता न्हाई. पाच वर्षांनी या."

फोन ठेवून ते शेडकडं गेले. सीटखाली अडकलेला गुलाल मी झाडायला घेतला होता. "ऱ्हाऊ दे तो," म्हणाले. "त्यो बी वरिजनल हाय."